प्रकाशकाला खपाची आणि नफ्याची एवढी काळजी का? आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूरला आमचं छोटं प्रकाशन आहे, वर्षाला सात-आठ पुस्तकं काढतो, खाली दुकान आणि वर गोदाम. दुकानात, स्टॉलवर, फोनवर, अगदी लग्नात पंगतीला बसलं तरी लोक हेच प्रश्न विचारायलेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच ठेवावं. आकडे आमच्या वहीतले आहेत, दुसऱ्या प्रकाशकाच्या वहीत थोडे इकडंतिकडं असतील.

पुस्तक काढणं ही साहित्यसेवा ना? मग तुमच्या तोंडात सारखं खप, विक्री, नफा हेच कसं काय?

सेवा आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण कागदवाल्याला रिमाचे पैसे लागतात, प्रेसवाल्याला छपाईचे लागतात, आणि बाइंडिंगला बसणाऱ्या बायकांच्या हातात शनिवारी पैसे पडलेच पाहिजेत कारण रविवारचा बाजार त्यावर असतो. माझे वडील औशाकडं शेती करायचे. सोयाबीन कितीही पडत्या भावानं गेलं तरी दोन पोती बियाण्याची म्हणून वेगळी काढायचे आणि घरात कितीही अडचण आली तरी त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, कारण मृग लागला की पेरायचं काय हा प्रश्न असतोच. आमच्या धंद्यात नफा म्हणजे ती दोन पोती. हे पुस्तक खपलं तर पुढच्या पुस्तकाचा कागद येतो, नाही खपलं तर पुढचं पुस्तक कर्जावर, आणि कर्जावर लागोपाठ चार-पाच पुस्तकं काढली की प्रकाशन बंद. असं बंद पडलेलं मी डोळ्यानं पाहिलंय, चांगली चांगली माणसं होती ती.

अडीचशेच्या पुस्तकाला छापायला पन्नास-साठ रुपये लागत असतील, मग उरलेले दोनशे तुम्हालाच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पूर्ण हिशोबच मांडतो, थोडं लांबेल पण वाचा.

एक पुस्तक घेऊ, १६० पानांचं, डेमी साइज म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढं, किंमत २५०, पहिली आवृत्ती ५०० प्रती. फॉर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा, डेमीचा एक फॉर्मा १६ पानांचा, म्हणजे १० फॉर्मे झाले. २३ बाय ३६ इंचाच्या एका मोठ्या शीटमधनं दोन फॉर्मे निघतात, म्हणजे ५०० शीटच्या एका रिमात १००० फॉर्मे, आपल्याला लागतात ५०००, तर पाच रीम आणि मशीनवर खराब होतो तो धरून साडेपाच. कागदाचे झाले १०,०००. प्लेट आणि आतली छपाई ८,५००. मुखपृष्ठाची रंगीत छपाई आणि लॅमिनेशन ५,०००. बाइंडिंग प्रतीमागं १४ रुपये, म्हणजे ७,०००. डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावणं) ५,५००, मुद्रितशोधन ४,०००, मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ५,०००, संपादन करणाऱ्याला ६,००० (हे खरं म्हणजे लई कमी आहे, दोन महिने बसतो तो माणूस), आणि टेम्पो-हमाली २,०००. एकूण ५३,०००. म्हणजे हातात पुस्तक येतं तेव्हाच ते १०६ रुपयाला पडलेलं असतं. यात दुकानाचं भाडं, लाइट बिल, कामावरच्या पोराचा पगार कुठंच धरलेला नाही.

आता विक्री. वितरक आणि दुकानदार मिळून ४५ टक्के जातात, आणि ते फुकट घेत नाहीत, त्यांना जागा आहे, माणसं आहेत, त्यांच्याशिवाय पुस्तक नांदेडच्या वाचकाला दिसणार कसं. तर २५० तले ११२ रुपये ५० पैसे तिकडं गेले, राहिले १३७.५०. त्यातनं लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के, २५ रुपये. आमच्याकडं आले ११२.५०. खर्च ५३,००० वसूल व्हायला ४७२ प्रती विकल्या पाहिजेत. पण ५०० पैकी साधारण ४० प्रती भेट जातात, लेखकाला, परीक्षण लिहिणाऱ्यांना, शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. विकायला उरल्या ४६०. सगळ्याच्या सगळ्या वितरकाकडनं गेल्या तरी ५१,७५० येतात, म्हणजे पूर्ण आवृत्ती संपून १,२५० रुपये तोटा.

म्हणून आम्ही स्टॉल लावतो, शाळेत जातो, प्रकाशन समारंभात दारात टेबल टाकून बसतो. थेट विकलेल्या प्रतीवर २० टक्के सूट दिली तरी रॉयल्टी जाऊन १७५ हातात राहतात. ४६० पैकी १५० जरी अशा गेल्या तरी शेवटी ८,००० च्या आसपास उरतात. लोकांना वाटतं प्रकाशक हावरट, समारंभातपण पुस्तकं विकायलाय. अहो त्या टेबलावरच तर आवृत्तीचा निकाल लागतो.

मग किंमत ४०० ठेवा की, विषय संपला.

१६० पानांचं पुस्तक ४०० ला ठेवलं की माणूस हातात घेतो, मागं उलटून किंमत बघतो आणि हळूच जागेवर ठेवतो. आमचा ग्राहक जिल्हा परिषदेचा मास्तर, कॉलेजचं पोरगं, तालुक्याचा पत्रकार, बचत गटातली ताई. सोयाबीनला भाव नसला की दिवाळीत आमच्या गल्ल्यात ते लगेच दिसतं. किंमत वाढवायला एक हद्द आहे आणि ती आम्ही ठरवत नाही.

पाचशेच प्रती का छापता? जास्त छापल्या तर स्वस्त पडतात ना?

पडतात. डीटीपी, मुद्रितशोधन, चित्र, संपादन हा खर्च एकदाच असतो, तो जेवढ्या जास्त प्रतींवर पसरेल तेवढी प्रत स्वस्त. पूर्वी मराठीत पहिली आवृत्ती हजार-अकराशेची हे ठरलेलंच असायचं. पण छापलेली प्रत स्वस्त असली तरी न विकलेली प्रत सगळ्यात महाग असते, ती जागा खाते, पैसे अडकवते आणि पावसाळ्यात ओल धरते.

माझीच गोष्ट सांगतो. २०२० च्या जानेवारीत आपल्या धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं साहित्य संमेलन झालं. आपल्या मराठवाड्यातलं संमेलन, लांबलांबून माणसं आली, आमच्या स्टॉलवर तीन दिवस उभं राहायला जागा नव्हती. त्या जोरावर मी परत आलो आणि दोन पुस्तकं हजार-हजार छापली, कागद उधारीवर. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. दुकान बंद, कॉलेज बंद, वाचनालयं बंद, आणि वर गोदामात दोन हजार प्रती. त्याच पावसाळ्यात एका कोपऱ्यात भिंत पाझरली आणि दीडशे एक प्रती रद्दीत घालाव्या लागल्या, ज्या पुस्तकाची अक्षर न अक्षर प्रुफं आम्ही रात्री जागून वाचली होती ती. कागदाची उधारी फिटायला पुढं दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत आम्ही एकही नव्या लेखकाचं पुस्तक काढू शकलो नाही. खप बघून छापायचं ते यासाठी.

नफा नक्की कुठं होतो मग?

दुसऱ्या आवृत्तीत. वरच्याच पुस्तकाची दुसरी ५०० काढली तर एकदाच करायचा २०,५०० चा खर्च जातो, राहतात ३२,५००, म्हणजे प्रत ६५ रुपयाला पडते आणि वितरकाकडनं गेली तरी प्रतीमागं ४७.५० सुटतात. म्हणून प्रकाशक जुन्या, हळूहळू पण दरवर्षी खपणाऱ्या पुस्तकावर एवढा जीव लावतो. नवीन पुस्तकाचा समारंभ होतो, फोटो येतात, पण घर चालतं ते दहा वर्षांपूर्वी काढलेल्या आणि आता पाचव्या आवृत्तीत असलेल्या पुस्तकावर. आमच्याकडं दहा पुस्तकं काढली तर त्यातली दोन अशी निघतात, तीन-चार बरोबरीत सुटतात, बाकीची तोट्यात जातात, आणि कुठली दोन निघणार हे आधी कळत नाही. वीस वर्षं झाली, मला अजून कळत नाही.

विकलं की पैसे लगेच येत असतील ना?

नाही. दुकानात बहुतेक माल ‘विकला तर पैसे, नाही तर परत’ याच बोलीवर असतो. वितरकाचा हिशोब सहा महिन्यांनी, कधी वर्षानं, आणि परत आलेल्या प्रती कोपरे मुडपलेल्या, वर किमतीचं स्टिकर चिकटलेलं, त्या पुन्हा नव्या म्हणून विकता येत नाहीत. इकडं प्रेसवाला मात्र गाडी भरायच्या आधी पैसे मागतो, त्याचंही बरोबर आहे. आज घातलेला रुपया परत यायला दीड-दोन वर्षं जातात. वहीत नफा दिसतो आणि खात्यात पैसे नसतात अशी आमची बरीच वर्षं गेलीत.

पुस्तकावर जीएसटी नाही म्हणतात, मग तेवढा तरी फायदा?

छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे खरंय आणि ते वाचकासाठी चांगलंच आहे. पण कागद घेताना, छपाई करून घेताना आम्ही कर भरतो, आणि पुढं पुस्तक करमुक्त असल्यामुळं तो भरलेला कर आम्हाला वळता करून मिळत नाही, तो खर्चातच मुरतो.

माझा कवितासंग्रह सगळ्यांना आवडला, तुम्हालाही आवडला म्हणालात, मग छापत का नाही?

सर, ताई, हे मी हात जोडून सांगतो, नकार दिला म्हणजे कविता वाईट असं नसतं. आमच्याकडं वर्षाला सात-आठच जागा आहेत. नव्या कवीच्या संग्रहाच्या ५०० प्रती संपायला आमच्या अनुभवानं चार-पाच वर्षं लागतात, म्हणजे तेवढी वर्षं ५०,००० अडकतात. लॉकडाऊननंतरची ती दोन वर्षं सोडली तर असा एक संग्रह आम्ही दरवर्षी काढतोच, तो काढायचाच हे ठरलेलंय, पण तीन काढू शकत नाही. ज्या वर्षी खप चांगला झाला त्या वर्षी दोन काढले. तुमचा संग्रह कधी निघेल हे दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक किती खपलं त्यावर ठरतं, ऐकायला बरं वाटत नाही पण तसंच आहे. तोवर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडं नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी तिथं जरूर पाठवा.

काही प्रकाशक लेखकाकडूनच पैसे घेतात, तुम्ही?

आम्ही घेत नाही. घेणारे सगळे फसवे असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रकाशकाचा नफा वाचकाकडनं येत असेल तर तो पुस्तक नीट करतो, प्रुफं तपासतो, दुकानोदुकानी फिरतो, कारण विकलं नाही तर तो बुडतो. नफा लेखकाकडनं आधीच मिळाला असेल तर छापून गठ्ठा तुमच्या दारात टाकला की त्याचं काम संपलं. प्राध्यापकांच्या घरी पलंगाखाली असे गठ्ठे मी लई पाहिलेत. भविष्य निर्वाह निधीतनं पैसे काढून पुस्तक काढलेले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडं प्रती विकायला घेऊन आले होते, पान ४८ नंतर थेट ६५ होतं, मधला एक अख्खा फॉर्माच बांधायचा राहिला होता आणि ते कुणीच बघितलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो, प्रकाशकाला विक्रीची काळजी आहे का हे लेखकानं आधी बघावं. ज्याला नाही त्याच्यापासून जपून.

पैसे देऊनच काढायचं असेल तर निदान किती प्रती, कुठला कागद, वितरण कोण करणार, हे लिहून घ्या.

रॉयल्टी खरंच देता का?

देतो, दरवर्षी एप्रिलमध्ये, विकलेल्या प्रतींचा कागद लावून. रक्कम कधी ३,२०० असते कधी ११,०००, लेखकाचं घर त्यावर चालत नाही हे मला माहीत आहे आणि त्याचं वाईट वाटतं. करार मात्र लेखीच करा. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. बरेच लेखक ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून तोंडी देऊन टाकतात आणि मग वीस वर्षांनी पुस्तक बाजारातही नाही आणि हक्क कुणाकडं तेही माहीत नाही, असं होऊन बसतं.

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं छापता, मग साहित्याचं नाव कशाला?

हे विचारणाऱ्याला मी एक पुस्तक दाखवतो. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं. गोळा करायला चार वर्षं गेली, तोडीवरनं त्या चैत्र-वैशाखात गावी परतल्या की मगच भेटायच्या, काही जणी पुढच्या वर्षी भेटल्याच नाहीत. त्या पुस्तकाच्या आजवर १९० प्रती गेल्यात. ते पुस्तक निघालं कशाच्या पैशावर, तर आमच्या सामान्य ज्ञानाच्या गाइडच्या. लातूरला शिकायला बाहेरगावची पोरं येतात, लातूर पॅटर्न सगळ्यांना माहीत आहे, गाइड जून ते सप्टेंबरमध्ये असं जातं की गठ्ठा सोडायला वेळ मिळत नाही. त्या पोरांना माहीत नाही, पण त्यांनी ओव्या छापल्यात. ज्या म्हाताऱ्या आता नाहीत त्यांचं म्हणणं कागदावर राहिलं ते गाइडच्या नफ्यातनं, मग मी गाइडची लाज का बाळगू?

पुण्या-मुंबईचे प्रकाशक आहेत की, मराठवाड्यात वेगळं प्रकाशन कशाला हवं?

कारण आपल्या माणसाचं हस्तलिखित आपल्या माणसानं आधी वाचावं लागतं. ‘करायलाय’, ‘जायलीय’ हे चुकीचं मराठी नाही, ते आमचं मराठी आहे, हे समजणारा संपादक पाहिजे. आणि आपण उशिरा सुरू झालोय. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, शिक्षण आणि कारभार उर्दूत, मराठी शाळा कमी तिथं मराठी वाचक आणि प्रेस कुठनं वाढणार. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची, विद्यापीठ १९५८ चं, त्यानंतर कुठं गाडी रुळावर आली. मुकुंदराज, नामदेव, जनाबाई, एकनाथ ज्या मातीतले तिथं छापखान्याची परंपरा मात्र एवढी अलीकडची.

धंद्याच्या अंगानं बघितलं तर मोठा बाजार अजून पुण्याला आप्पा बळवंत चौकात. आमचा माल इथनं तिकडं जातो, तिथनं वितरकामार्फत परत परभणी-हिंगोलीला येतो, आणि दोन्ही वेळचं भाडं आमच्याच अंगावर. पुण्याच्या प्रकाशकाला जे पुस्तक बरोबरीत सुटतं ते आम्हाला थोडं तोट्यात जातं ते असं. म्हणून आम्ही जिल्ह्याजिल्ह्यात स्वतः फिरतो, छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या दुकानात महिन्यातनं एकदा मीच एसटीनं गठ्ठा घेऊन जातो.

पुस्तक पोस्टानं मागवलं तर पाठवायचा खर्च एवढा का?

रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. छोट्या प्रकाशकाचा तो मोठा आधार होता, भूम-परांड्याच्या एकट्या वाचकाला एक पुस्तक पाठवायला परवडायचं. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, पण त्याचे नियम आहेत, ठराविक प्रकारच्या पुस्तकांनाच चालतं. कुरिअर महाग आणि तालुक्याच्या पुढं जात नाही. दोन-तीन जणांनी मिळून मागवा, प्रत्येकाला खर्च कमी येईल.

सरकार, वाचनालयं घेतात की पुस्तकं. मग खपाची काळजी कशाला?

१९६७ च्या कायद्यामुळं आपल्याकडं गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड वर्गाची, आणि मराठी पुस्तकांचा मोठा ग्राहक तीच आहेत, हे उपकार मोठे आहेत. पण अनुदान हप्त्यानं येतं आणि ते आलं की सगळी खरेदी एकदम, तोवर काहीच नाही. फक्त त्यावर डोळा ठेवून पुस्तकं काढायला लागलं की मग वाचक नसलेली पुस्तकं निघतात, खरेदीच्या यादीत बसतील अशी. कपाटात जातात, शिक्का पडतो, पुढं कुणी उघडत नाही. ज्या पुस्तकाला माणसं आपल्या खिशातले २०० रुपये काढून देतात ते वाचलं जातं, याचा अंदाज मला दुसऱ्या कशानंच येत नाही.

ग्रुपवर पीडीएफ फिरते, त्यानं प्रसारच होतो ना?

नाही होत. आमच्या एका कादंबरीची पीडीएफ फिरायला लागली आणि तिची तिसरी आवृत्ती आम्ही अजून काढू शकलो नाही. लेखक बाई नांदेडच्या, त्यांची रॉयल्टी थांबली. कायद्यानं तो गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा सांगितलीय, पण मी कुणावर केस करायला जात नाही, फोन करून विनंती करतो. जुन्या पुस्तकांचं वेगळं. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की ते सगळ्यांचं होतं, ते खुशाल पाठवा.

प्रिंट ऑन डिमांडनं, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापून, हे सगळं सुटत नाही का?

थोडं सुटतं. संपलेलं जुनं पुस्तक ३०-४० प्रती काढायला बरं पडतं, आम्ही पण करतो. पण एक प्रत जवळपास दुप्पट महाग पडते, दुकानदाराचं कमिशन त्यात बसत नाही, म्हणजे पुस्तक दुकानात दिसतच नाही.

पण नफ्यापायी चांगली पुस्तकं मागं पडतात हे तरी मान्य आहे का?

मान्य आहे. निजामी काळातल्या शेतसाऱ्यावरचं एक हस्तलिखित माझ्या टेबलाच्या खणात सहा वर्षं आहे, ५०० पानांचं, उर्दू कागदपत्रं वाचून लिहिलेलं, आणि त्याचा खर्च एवढा आहे की ते फसलं तर आम्ही दोन वर्षं मागं जाऊ. लेखक सत्तरीचे आहेत. भेटले की विचारत नाहीत, मीच नजर चुकवतो. या वर्षी गाइड बरं गेलंय, जुन्या दोन पुस्तकांच्या आवृत्त्या संपल्यात, तर दिवाळीनंतर त्याचं डीटीपी सुरू करायचं ठरवलंय. नफा झाला म्हणून.

मला पुस्तक घ्यायचंय पण आत्ता पैसे नाहीत, मग तुमच्या काय उपयोगाचा मी?

आहे की उपयोग. गावच्या वाचनालयात जा, तिथं वाचकांच्या मागणीचं रजिस्टर असतं, त्यात पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव स्वच्छ अक्षरात लिहा, ग्रंथपालाला दोनदा आठवण करा. तालुक्याच्या एका वाचनालयात असं तीन पोरांनी मिळून लिहिलं आणि त्यांनी आमची चार पुस्तकं घेतली. दुकानात आलात तर उभ्यानं वाचत बसू नका, आत खुर्ची आहे, पंखा आहे, बसून वाचा, फक्त पान दुमडू नका.